पाडव्याचं पाणी

आधी सिस्टरांचं सांगते. त्या नसत्या तर यातलं काहीच मला सांगता आलं नसतं, लिहिणं तर दूरच. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. भोपाळच्या ज्या दवाखान्यात माझ्या नवऱ्याचे पाय गेले, तिथल्या ड्रेसिंगच्या खोलीत त्या होत्या. तिथे चार सिस्टर होत्या, पण आम्ही दोघं घरी नुसतं 'सिस्टर' म्हणालो की गोष्ट त्यांचीच असायची. केरळच्या, ठेंगण्या, केसांना खोबरेल तेलाचा वास. तीस वर्षं इथे काढूनही हिंदी बोलताना माझ्या नवऱ्याला 'आ गई?' विचारायच्या आणि मला म्हणायच्या, 'बैठो, थक गया होगा.' हे तोंडावर हात ठेवून हसायचे. मी हसायची नाही. माझी हिंदी काही फार वेगळी नव्हती.

पाय गेले, असं मी एकदम लिहून टाकलं. ते एकदम गेले नाहीत. पहिला गेला तेव्हा दुसरा वाचवायचा होता, आणि तो वाचवायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. तेच सांगायचं आहे.

मी यवतमाळकडची. सहावीपर्यंत शिकले. सातवीला पुढच्या गावी जावं लागायचं आणि घरात आई आजारी, म्हणून दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. लग्न होऊन भोपाळच्या करोंद भागात आले त्याला सव्वीस वर्षं झाली. हे इथल्या धान्याच्या मंडीत हम्माल, पोती उचलायचे. मी एका व्यापाऱ्याच्या गोदामात गहू-चणा चाळायला, निवडायला जाते. चण्यात चण्याएवढाच खडा असला तरी मला दिसतो, असं गोदामातल्या बाया म्हणतात. आम्हाला एकच मुलगी, ती अकोल्याकडे दिली. बाकी इथे आमचं म्हणावं असं कोणी नाही.

यांचं दुखणं पोटरीपासून सुरू झालं. मंडीच्या गेटापासून आमच्या खोलीपर्यंत पंधरा मिनिटांचा रस्ता. तेवढ्यात हे तीनदा थांबायचे. कधी पपईच्या ठेल्यापाशी, कधी प्लास्टिकच्या बादल्यांच्या दुकानापाशी. भाव विचारायचे, घ्यायचे काहीच नाही. एकदा मी चिडले.

“बादली घ्याची नाही तर भाव कायले इचारता?”

“पाय धरते वं,” हे म्हणाले. “थोडं उभं राह्यलं की सुटते. पण रस्त्यात नुसतं उभं कसं राहू? लोकं पाह्यतात.”

पाय धरतो म्हणून भाव विचारत उभा राहणारा माणूस. मी घरी आल्यावर तेल चोळलं, आणि विषय तिथेच संपवला. बिडी होती, शुगर होती, वजनं उचलून उचलून पाय दुखतात असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं. मग डाव्या पायाचा अंगठा निळा पडला, मग काळा. दवाखान्यात डॉक्टरांनी पायावर दोन बोटं ठेवून नाडी शोधली. कितीतरी वेळ शोधत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, रक्ताच्या नळ्या तुंबल्यात, पायात रक्त पोचतच नाही. डावा पाय गुडघ्याखालून काढला. ती दिवाळी आम्ही वॉर्डात काढली.

घरी सोडायच्या दिवशी हातात कागद दिले, सगळे इंग्रजीत. मी ते उलटसुलट करत असताना सिस्टरांनी पाहिलं.

“पढ़ना आता है?”

“मराठी आता है. थोड़ा.”

त्यांनी खिशातून पेन काढलं, कपाटातून एक कोरी वही काढली आणि मला बाकावर बसवलं. “मैं बोलती हूँ, तुम अपनी भाषा में लिखो.” मग ड्रेसिंगची रांग तशीच ठेवून त्या बोलत राहिल्या आणि मी लिहीत राहिले. कितीतरी वर्षांनी पेन धरलं होतं. अक्षर इतकं वाकडं यायचं की मला लाज वाटत होती, पण त्यांना कुठे मराठी वाचता येत होतं.

“एक पैर गया,” त्या म्हणाल्या. “दूसरे में भी वही बीमारी है. दिल की नली भी वैसी ही समझो. उनको उस पैर में गरम-ठंडा, काँटा-कील, कुछ पता नहीं चलेगा. इसलिए अब ये पैर तुम्हारा है. रोज़ देखना.”

बोटांच्या मधल्या फटी बघायच्या. तळवा बघायचा, तो यांना स्वतःला दिसत नाही. घरातसुद्धा चप्पल. शेक कधीच नाही, कितीही गार लागला तरी. आंघोळीच्या पाण्यात आधी मी माझं कोपर बुडवून बघायचं. मी म्हटलं, हात घालून बघीन की. तर त्यांनी माझा तळहात धरून उलटा केला, तव्याच्या चटक्यांनी जाड झालेल्या बोटांवर अंगठा फिरवला. “ये रोटी वाला हाथ है. इसको कुछ मालूम नहीं पड़ता. कोहनी डालो.” आणि रोज संध्याकाळी पाय बघून झाला की वहीत एक ओळ लिहायची, पाय कसा आहे ते. महिन्यातून एकदा वही घेऊन यायचं.

ते वर्ष वाईट नव्हतं. मी आता मागे वळून बघते तर ते वर्ष चांगलंच होतं, असं म्हणावं लागतं. कापून उरलेल्या थोट्याची जखम भरली. सूज उतरावी म्हणून त्याला पट्टी गुंडाळायला मी शिकले, खालून वर, तिरपी तिरपी. पुढे नकली पाय मिळाला. तो घालून हे दारापासून मोरीपर्यंत चालले तेव्हा शेजारच्या भाभीने टाळ्या वाजवल्या, आणि हे तिला म्हणाले, “भाभी, आधे जूते में काम चल जाएगा अब, दूसरा आप रख लो.” बिडी सुटली. दोनदा चोरून ओढली, मला वास आला, मी बोलले नाही, मग सुटली. नसलेल्या पायाचा अंगठा खाजायचा. “खाजव ना वं,” म्हणायचे. मी म्हणायची, कुठं खाजवू? “तिथंच. हवेत.” आणि मी हवेत खाजवायची. कधी कधी थांबायची पण ती खाज.

घरात चप्पल घालायला मात्र तयार नव्हते. खोली एवढीशी, देवाची फळी तिथेच. सासूबाईंनी गावाहून फोनवर विचारलं, “देवापुढं चपला? मंग देव ठेवता कायले घरात?” मी नवी चप्पल आणली, रस्त्याला न लागलेली, आणि देवापुढेच हळदकुंकू लावून यांच्या पायात घातली. त्यावर कोणी काही बोललं नाही.

हे मंडीत परत जाऊ लागले, आता बसून पोत्यांची तोंडं शिवायला. संध्याकाळी आल्यावर ट्यूबलाइटखाली पाय माझ्या मांडीवर. उजवा पाय. मी बघायची, मग वहीत लिहायची: पाय ठीक. कधी: टाचेला भेग, मलम लावलं. कधी: पाय गार, रंग ठीक. महिन्याने सिस्टर वही उघडायच्या. वाचता यायचं नाही, म्हणून एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायच्या, “ये क्या लिखा?” मी सांगायची. मग त्या पानावर लाल पेनाने खूण करायच्या. सहावीनंतर पहिल्यांदा कोणी माझी वही तपासत होतं. मी त्या दिवशी चांगलं लुगडं नेसून जायची, खोटं कशाला सांगू.

मग दिवाळी आली. आमच्याकडे पाडव्याला बायको नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालते, मग ओवाळते. आदल्या वर्षीचा पाडवा वॉर्डात गेलेला. मुलीने अकोल्याहून उटणं पाठवलं होतं, पुडीवर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'बाबांसाठी'. मी पहाटे उठले. थंडी बरी पडली होती. पाटावर बसणं यांना जमत नव्हतं, म्हणून मोरीत प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि तिच्या चार पायांभोवती रांगोळी काढली.

हे नकली पाय काढून, भिंतीला धरून आले. रांगोळी पाहिली. “खुर्चीलेच न्हाऊ घालते का आता?”

“खुर्चीलेबी घालते. बसा.”

तेल लावलं. डोक्याला, पाठीला, खांद्यांना. पोती उचलून यांचे खांदे दगडासारखे होते, ते आता जरा उतरले होते. उटणं लावलं. थोट्यालाही हळूच लावलं. उजवा पाय घमेल्यात ठेवायला सांगितलं, म्हणजे टाच भिजून मऊ होईल. गॅसवर पातेलं उकळत होतं. घमेल्यात गार पाणी घातलं, त्यात गरम घातलं. हे म्हणाले, “कोमटच हाय. घाल अजून.” मी घातलं. “अजून. माही माय घालायची तसं. अंग लाल व्हायचं दिवाळीले.” मी अजून घातलं.

कोपर बुडवायचं मला आठवलं होतं. विसरले असते तर बरं, असं पुष्कळदा वाटतं. आठवलं होतं. पण दोन्ही हात कोपरापर्यंत उटण्याने भरलेले, आणि मनात आलं की आजच्या दिवशी दवाखाना नको घरात. एक दिवस आपण आपल्यासारखं करू. मी गुणगुणत होते. किती दिवसांनी माझ्या तोंडातून सूर निघाला होता. पाणी गार होईपर्यंत पाय त्यात होता.

नंतर ओवाळलं. यांनी दोन चकल्या जास्त खाल्ल्या आणि दारातल्या उन्हात झोपून गेले. त्या संध्याकाळी सण म्हणून मी पाय पाहिला नाही. वहीत मात्र लिहिलं, ठीक.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मोजा काढला. टाचेच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढा फोड, पाण्याने भरलेला. पलीकडे कातडी पांढरी पडून सैल झालेली, उकडलेल्या बटाट्याची असते तशी. हे भिंतीला टेकून बसले होते, तळवा माझ्याकडे, तोंड दाराकडे.

“काय दिसते?” यांनी विचारलं.

“काही नाही.”

हे मी म्हटलं. खडा निवडणारी मी. त्यांना दिसत नव्हतं, त्यांना दुखत नव्हतं, त्यांना जे कळायचं ते माझ्याच तोंडून. आणि मी म्हटलं, काही नाही. मग त्यावर स्वच्छ फडकं बांधलं, भेगेला मलम लावते असं सांगितलं, वही उघडली आणि लिहिलं, ठीक.

दवाखाना उघडा होता. बस अर्ध्या तासाची. मी गेले नाही, कारण सिस्टर रागावतील. एवढंच कारण. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि वहीत लाल खूण मिळणार नाही म्हणून घाबरले. फोड आपोआप सुकेल, मग सांगू, असं म्हणत दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. रोज ठीक लिहिलं. आता ती पानं उघडली की त्या चार ओळी सगळ्यात नीट अक्षरात आहेत.

पुढच्या दिवशी फोड मोज्यातच फुटला. वास आला. तेव्हा गेले.

सिस्टरांनी नेहमीसारखी आधी वही घेतली. बोट ठेवून विचारलं, “ये क्या लिखा?” मी फडक्याकडे बोट केलं. मग त्यांनी फडकं सोडलं. घोट्याच्या खाली गोल फिरलेली एक सरळ रेघ होती, तलावाच्या भिंतीवर पाणी उतरल्यावर राहते तशी. रेघेच्या वर कातडी बरी, रेघेच्या खाली लाल-पांढरी. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, न टेकवता.

“पानी?”

माझ्या आधी हे बोलले. “मैंने डाला, सिस्टर. ये तो बाहर दिया लगा रही थी. इसको मालूमच नहीं.”

सिस्टरांनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि केसपेपरवर यांनी सांगितलं तसंच लिहून घेतलं. ड्रेसिंग पुरं केलं. नंतर मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

“मैं डाँटूँगी, ये डर था?”

मी मान डोलावली.

“डाँटती. बहुत डाँटती. और उसी दिन पट्टी भी करती.”

त्या दिवसापासून तो पाय वाचवायला त्यांनी काय केलं नाही? डॉक्टरांनी नळीत तार घालून फुगा फुगवून बघितला, वरची नळी थोडी उघडली, खालची उघडली नाही. रोज दवाखान्यात आणून नेऊन पाय हलतो, धक्के बसतात, म्हणून सिस्टर स्वतःची ड्युटी संपवून बसने करोंदला येऊ लागल्या. रविवारीसुद्धा, चर्चमधून थेट. रस्त्यावरून आमच्या गल्लीत वळताना त्यांच्या छत्रीचं टोक आधी दिसायचं. हात धुवायच्या, जमिनीवर बसायच्या, पट्टी सोडायच्या. काळा चहा घ्यायच्या, बिनसाखरेचा. मला समोर बसवायच्या आणि वही उघडायला लावायच्या. “जो है, वो लिखो.” मी लिहायची. काळं, दोन बोटं रुंद. काळं, तीन बोटं. आज वास. आज करंगळी निळी. त्या वाचू शकत नव्हत्या, तरी मी लिहून होईपर्यंत बघत बसायच्या. बावीस दिवस आल्या. एकदाही 'मी सांगितलं होतं ना' म्हणाल्या नाहीत.

हे त्यांच्याशी थट्टा करायचे. “सिस्टर, एक पैर का किराया भर रहा हूँ, खाली मत कराना.” त्या म्हणायच्या, “किराया टाइम पे दो, फिर देखेंगे.” पट्टी बांधून झाल्यावर मात्र दारात चपला घालताना त्यांचं तोंड मला दिसायचं.

मग ताप चढला. डॉक्टर म्हणाले, विष अंगात पसरतंय, आता पायाचा नाही, माणसाचा विचार करा. गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. सही यांनी स्वतः केली. मला म्हणाले, “तू नको करू. तुले मंग आयुष्यभर वाटंन.”

ऑपरेशन चालू असताना मी व्हरांड्यातल्या बाकावर. सिस्टर ड्युटी संपवून येऊन शेजारी बसल्या. मी विचारलं, मेरी वजह से गया ना?

सगळ्यांनी मला ह्या प्रश्नाची उत्तरं आधीच दिली होती. मुलगी फोनवर रडत म्हणाली होती, “आई, तुझी काही चूक नाही.” सासूबाई म्हणाल्या होत्या, “तुह्या हातानं गेला.” यांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना बरोबर कळलं. शेजारची भाभी म्हणाली, नसीब. एकाचंही उत्तर माझ्या आत जाऊन बसलं नाही. सिस्टरांनी हातातल्या रुमालाची घडी घातली, परत उलगडली.

“पानी तुमने डाला,” त्या म्हणाल्या. “चार दिन तुमने छुपाया. लेकिन नली तुमने बंद नहीं किया. नली खुली होती तो जला हुआ भर जाता. सिर्फ़ तुम्हारी वजह से नहीं गया.”

तो 'सिर्फ़' मी पदराला गाठ मारल्यासारखा धरून ठेवला आहे. पुरा दोष उचलायची ताकद माझ्यात नव्हती, आणि दोष नाहीच असं कोणी म्हटलं तर ते मला खोटं वाटायचं. त्यांनी माझ्या हिश्श्याचा तेवढा माझ्या हातात दिला.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. दोन्ही पाय नसलेल्या माणसाचं घर कसं असतं हे लिहायला गेलं तर पुष्कळ आहे. लाकडी फळीला चार चाकं लावली आहेत, तिच्यावरून हे मोरीपर्यंत जातात. खांदे परत दगडासारखे झाले आहेत. गोदामातल्या बाया पोती घरी आणून देतात, हे तोंडं शिवून देतात. बाहेर मात्र जात नाहीत. मंडीतल्या लोकांनी दोनदा रिक्षा आणली, यांनी झोपल्याचं सोंग घेतलं. माझं बघणं संपलेलं नाही. आता कंबर बघते, पाठ बघते, बसून बसून कुठे लाल झालंय का. दोन्ही थोट्यांची टोकं बघते. जिना चढल्यासारखा दम बसल्या जागी लागतोय का, ते बघते, कारण मागच्या तपासणीत डॉक्टरांनी छातीचं सांगितलं. पायात होतं तेच आता तिथे आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. वहीत मी सगळं खरं लिहिते.

थंडीत यांचे पाय गारठतात. “पायावर घाल वं काही,” म्हणतात. मी गोधडी घालते, जिथे पाय असायचे तिथपर्यंत, आणि टोकाशी दुमडते. गोधडी सपाट पडलेली असते. हे डोळे मिटतात. मी तिच्याकडे बघत नाही.

पाण्याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी हे पोतं शिवत होते, मी समोर डाळ निवडत होते. सुई थांबवून म्हणाले, “वाफ मलेबी दिसली होती.”

मी ताट खाली ठेवलं.

“घमेल्यातून वाफ निंघत होती. मले दिसत होती. मी आंधळा नव्हतो.”

“मंग घाल घाल कायले म्हणत होते?”

“तू गुणगुणत होती,” हे म्हणाले. “बंद पडू नये वाटलं.”

मग परत शिवायला लागले. मी डाळीत हात घालून बसून राहिले. कोणी दारात आलं असतं तर मला त्यांना ओळखता आलं नसतं. यांनी हे माझं ओझं कमी व्हावं म्हणून सांगितलं, मला कळतं. पण ते कमी झालं नाही. आता मला दोघांच्या वाटणीचं वाटतं. त्यानंतर माझ्या तोंडून सूर निघालेला नाही.

उन्हाळ्यात सिस्टर निवृत्त झाल्या. केरळला गावी गेल्या, आईबापाच्या मागे राहिलेल्या घरात. लग्न केलं नव्हतं, भाऊ-बहीण आखातात. जायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आल्या. यांची पाठ बघितली, थोटे बघितले, छातीच्या गोळ्या वाचल्या. यांनी हात जोडले तर म्हणाल्या, “हाथ मत जोड़ो, गोली टाइम पे खाओ.” जमिनीवरून उठताना त्यांना दोनदा भिंतीला धरावं लागलं. चपला घालताना मला त्यांच्या पायाच्या अंगठ्याशी एक जुनी भेग दिसली, कडा जाड झालेली.

“ये कब से है?”

“क्या मालूम,” त्या म्हणाल्या. “दिखता किधर है मेरे को.”

“आपको शुगर है?”

“सात साल से.” जणू बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं. “सिस्टर लोगों को भी होता है, बाबा.”

“तो आपके पैर कौन देखता है?”

त्या हसल्या आणि छत्री उघडली. तीस वर्षं ज्या बाईने परक्यांचे पाय बघितले तिचे स्वतःचे बघायला घरात एक माणूस नव्हतं, आणि हे मला तेव्हा कळलं जेव्हा सामान बांधून झालं होतं.

आता मी संध्याकाळी फोन करते. आज पाय देखा? “देखा, देखा,” म्हणतात. मला ते खोटं ओळखू येतं, मी स्वतः ते चार दिवस बोलले आहे. मी रागावते. त्यांना मी रागावलेलं आवडतं असं वाटतं.

सिस्टर, यांना सोडून मला आत्ता एक दिवससुद्धा निघता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मला निघता येईल तो दिवस कसा असेल, तेही मला माहीत आहे, आणि तो लवकर यावा असं मागणं मी देवापुढे कधी करणार नाही. तो जितका लांबेल तितका लांबो. पण मी येणार आहे. तुमची भाषा मला येत नाही, गाडी कुठे बदलायची ते ठाऊक नाही, विचारत विचारत येईन. महिनाभर राहीन, वर्षभर राहीन, तुम्ही म्हणाल तितकं. तुम्ही खुर्चीवर बसायचं आणि पाय माझ्या मांडीवर ठेवायचा. जे दिसेल ते मी त्याच दिवशी तुम्हाला सांगीन.